'ले मिझेराब्ल' नाटकात कशी उतरली, आणि इतकी वर्षं कशी टिकली?

प्रश्न थोडक्यात असा: लंडनला 'ले मिझेराब्ल' पाहिलं, भारावून गेलो. परत आल्यावर व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी उघडली, तर निम्म्याहून जास्त गोष्टी नाटकात नाहीतच. एवढं गाळून ते उभं कसं राहिलं? सुरुवातीला ते पडलं होतं म्हणतात, ते खरं का? आणि आमच्या ग्रुपला एका मराठी कादंबरीचं संगीत नाटक करायचंय, तर काय बघून ठेवावं?

मी तीस-बत्तीस वर्षं मराठी नाटकांना संगीत देतोय. त्यात एका कादंबरीचं नाटक करताना चांगला तोंडावर आपटलोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी पडण्याचं सांगतो. ते पडलं नव्हतं. समीक्षकांनी झोडपलं आणि बुकिंगच्या खिडकीवर रांग लागली, दोन्ही एकाच दिवशी. पण तिथवर यायला त्याला दोन देश आणि पाच वर्षं लागली होती. आज दिसतं ते नाटक एकदा लिहिलेलंच नाही. ते निदान दोनदा, दोन वेगळ्या प्रेक्षकांसाठी लिहिलं गेलंय, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दोन लेखनांमधल्या फरकात आहे.

अलाँ बुब्लील हा फ्रेंच गीतकार लंडनला 'ऑलिव्हर!'चा प्रयोग बघत होता. ते नाटकही कादंबरीवरूनच आलेलं, डिकन्सच्या. त्यातलं खिसेकापू पोरगं रंगमंचावर आलं आणि बुब्लीलला ह्यूगोचा गाव्रोश आठवला, पॅरिसच्या रस्त्यावर वाढलेला, बॅरिकेडवर, म्हणजे बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या अडथळ्यावर, मरणारा. तिथून अख्खी कादंबरी डोक्यात फिरायला लागली. गंमत म्हणजे 'ऑलिव्हर!'च्या त्या प्रयोगाचा निर्माता होता कॅमेरॉन मॅकिंटॉश. पुढे याच दोघांची गाठ पडायची होती, पण त्या रात्री दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

बुब्लील आणि संगीतकार क्लोद-मिशेल शोनबर्ग यांनी १९७३ साली फ्रेंच राज्यक्रांतीवर एक रॉक ऑपेरा केला होता, म्हणजे जोडी नवखी नव्हती. जाँ-मार्क नातेल हा कवी शब्दांसाठी बरोबर आला. त्यांनी आधी रेकॉर्ड काढली आणि मग नाटक उभं केलं. १९८०च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पाले दे स्पोर या क्रीडागृहात रोबेर ओसेनच्या दिग्दर्शनाखाली प्रयोग सुरू झाले. प्रचंड जागा, भव्य दृश्यं. शंभरेक प्रयोगांत सुमारे पाच लाख लोकांनी ते पाहिलं. हॉलची मुदत संपली, प्रयोग थांबले. एखाद्या गावच्या जत्रेसारखं आलं आणि गेलं.

आता नीट लक्ष द्या. पॅरिसचं नाटक सुरू व्हायचं ते कारखान्यापासून. फाँतीन तिथे मजूर आहे, दिवस संपलाय, पोटाला नाही. जाँ वालजाँ हा नायक तोवर कारखान्याचा मालक आणि गावचा मेयर झालेला. त्यानं पाव चोरला, त्यापायी एकोणीस वर्षं सक्तमजुरी भोगली, सुटल्यावर कुणी दारात उभं केलं नाही, बिशपनं आसरा दिला, यानं त्याचीच चांदी चोरली, पोलीस पकडून घेऊन आले तर बिशप म्हणाला की ती मीच दिली होती आणि वर मेणबत्त्यांचे रुपेरी स्टँडही हातात ठेवले... यातलं काहीच रंगमंचावर दाखवलेलं नव्हतं. गरजच नव्हती. फ्रान्समध्ये ही गोष्ट शाळेपासून पोरांच्या कानावर असते. आपल्याकडे कीचकवध करताना पांडव विराटाच्या घरी का लपलेत हे कुणी समजावून सांगत बसत नाही, तसंच.

१९८२च्या अखेरीस पीटर फारागो नावाच्या दिग्दर्शकानं ती फ्रेंच रेकॉर्ड मॅकिंटॉशच्या हातात दिली. मॅकिंटॉशनं आदल्याच वर्षी 'कॅट्स' हे संगीतक उभं केलं होतं. त्यानं रेकॉर्ड ऐकली आणि ठरवलं की हे इंग्रजीत करायचं. 'कॅट्स'चाच दिग्दर्शक ट्रेव्हर नन याला गाठलं. नन तेव्हा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रमुख होता. त्यानं अट घातली की हे कंपनीबरोबर मिळून करायचं, आणि जॉन केअर्डला जोडीला घेतलं. हे दोघं त्या कामाला योग्य का होते? १९८० साली त्यांनी डिकन्सची 'निकोलस निकल्बी' ही कादंबरी साडेआठ तासांचं नाटक करून दोन भागांत उभी केली होती. कादंबरी रंगमंचावर आणताना कुठे ठेचा लागतात, ते त्यांना पायानं माहीत होतं.

लंडनच्या प्रेक्षकानं वालजाँचं नाव ऐकलंही असेल, पण गोष्ट त्याच्या रक्तात नाही. म्हणून इंग्रजी नाटकाच्या सुरुवातीला एक नवा पूर्वरंग जोडला गेला: कैद्यांची साखळी, २४६०१ हा नंबर, सुटकेचा परवाना, दारोदार हाकलणं, बिशप, चांदी, आणि शेवटी परवाना फाडून फेकणारा वालजाँ. तुम्ही लंडनला पाहिलं असेल, हे सगळं दहा-बारा मिनिटांत उरकतं, पण त्याशिवाय पुढचे तीन तास उभे राहत नाहीत. कारण या नाटकाचा प्रश्न असा आहे की एका अनोळखी माणसानं दाखवलेल्या दयेचं ऋण दुसऱ्यानं आयुष्यभर कसं फेडायचं. ते ऋणच दिसलं नाही, तर वालजाँ फाँतीनच्या पोरीसाठी जीव का टाकतो हे कळणार कसं?

मी तोंडावर आपटलो तो नेमका इथेच. आमची कादंबरी मराठीत गाजलेली, म्हणून आम्ही धरून चाललो की लोकांनी वाचलीच आहे. पहिला अंक थेट मधूनच सुरू केला. मध्यंतरात चहाच्या स्टॉलवर एक बाई शेजारणीला विचारत होत्या, "तो दाढीवाला हिचा भाऊ की नवरा?" माझ्या सोळा पदांपैकी एकही त्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हतं. प्रयोग सव्वाचार तास चालला होता, हे वेगळंच.

पूर्वरंगामुळे कथानकाचं एक मोठं सांधकामही झालं. कादंबरीत वालजाँ बिशपकडून निघाल्यावर वाटेत पेती जेर्वे नावाच्या एका पोराचं नाणं लाटतो, आणि तो गुन्हाही पुढे त्याच्या मानगुटीवर बसतो. नाटकात ते पोरगं नाहीच. परवाना फाडला, म्हणजे सुटकेच्या अटी मोडल्या; जावेर या पोलीस अधिकाऱ्याला जन्मभर पाठलाग करायला एवढं पुरतं. एक पात्र गेलं, एक प्रसंग गेला, आणि कागद फाटल्याचं तेवढं प्रेक्षकाच्या डोळ्यांत राहिलं.

असं आणखी एक सांधकाम मला फार आवडतं. ह्यूगो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूच्या लढाईवर प्रकरणांमागून प्रकरणं लिहितो. त्यातून कथानकाला हवं असतं ते शेवटी एवढंच, की तेनार्दिए, पुढे खानावळ चालवणारा भामटा, रात्री रणांगणावर प्रेतांचे खिसे चाचपत फिरत होता. नाटकानं वॉटर्लू संपूर्ण काढून टाकलं, पण प्रेतं लुटणारा तेनार्दिए ठेवला. त्याला उचलून थेट पॅरिसच्या गटारात नेलं, बॅरिकेड पडल्यानंतर. कादंबरीतही तो गटारात भेटतो, पण तिथे त्याच्याकडे जाळीच्या दाराची किल्ली असते, तो वालजाँशी पैशाचा सौदा करतो आणि वालजाँनं बॅरिकेडवरून उचलून आणलेल्या बेशुद्ध मारियुसच्या (फाँतीनच्या मुलीचा, कोझेतचा, प्रियकर) कोटाचा तुकडा फाडून घेतो. शेवटी त्या तुकड्यावरूनच मारियुसला कळतं की आपल्याला वाचवलं कुणी. नाटकात कोटाच्या तुकड्याऐवजी अंगठी आहे. फाटलेलं कापड तिसऱ्या गॅलरीतून काय दिसणार? बोटातून अंगठी ओढलेली मात्र हालचालीवरून कळते, आणि लग्नाच्या दिवशी तेनार्दिए ती नाचवत येतो तेव्हा शब्दाचीही गरज उरत नाही. रणांगण, गटार आणि कोट अशा तीन ठिकाणची सामग्री एका दृश्यात बसली.

उलट काही गोष्टी मुद्दाम फुगवल्यात. कादंबरीतली एपोनीन, तेनार्दिएची मुलगी, घोगऱ्या आवाजाची, दात पडलेली, अर्धवट रानटी पोर आहे. मारियुसला बॅरिकेडवर ओढून नेण्यात तिचा हात असतो, आपण दोघं एकत्र मरू म्हणून. नाटकानं तिला मूक प्रेम करणारी मुलगी केलं. गाव्रोश तिचा सख्खा भाऊ, हे नाटकात कुठे उच्चारलेलंही नाही. यात काही हरवलं असं मला अजून वाटतं. पण तिच्या तोंडी जे गाणं आलं, 'ऑन माय ओन', त्याची चाल पॅरिसच्या नाटकात फाँतीनची होती. इंग्रजीत ती एपोनीनला दिली, आणि फाँतीनच्या मरणाच्या वेळीही तीच ठेवली. परिणाम असा की शेवटी मरणाऱ्या वालजाँसमोर या दोघी उभ्या राहतात, तेव्हा कान आधी ओळखतात आणि डोळे मागून.

माझ्या लेखी या नाटकाचा खरा जीव इथे आहे. कादंबरीत लेखक मध्ये येऊन सांगू शकतो: वाचकहो, हा तोच माणूस बरं का. रंगमंचावर लेखक नाही. आपल्या संगीत नाटकात हे काम गद्य करतं. पद येतं तेव्हा गोष्ट थांबते, मनाची अवस्था पसरते, वन्स मोअर मिळाला तर तीच अवस्था पुन्हा एकदा. इथे गद्य जवळजवळ नाहीच, सगळं गायलं जातं. मग निवेदकाचं काम कुणी करायचं? शोनबर्गनं ते चालींवर सोपवलं. वालजाँ बिशपच्या घरातून निघाल्यावर स्वतःशी झगडतो ती चाल, आणि शेवटी पुलावर जावेर स्वतःशी झगडतो ती चाल, एकच आहे. दोघांनाही, ज्याचं त्यांनी वाईट केलं त्याच माणसानं जीवदान दिलंय. एक परवाना फाडून नवा माणूस होतो, दुसऱ्याला ते सोसत नाही आणि तो नदीत उडी घेतो. ही तुलना ह्यूगोनं पानंच्या पानं लिहिली. इथे एकही शब्द खर्च झाला नाही. बिशप वालजाँला निरोप देतो ती चाल पुढे मारियुसच्या गळ्यात येते, मेलेल्या मित्रांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी 'वन डे मोअर'मध्ये तोवर पेरलेल्या चाली एकमेकींवर चढवल्यात: वालजाँची, फाँतीनच्या स्वप्नाची, तेनार्दिएच्या खानावळीची. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत सगळा अंक पुन्हा ऐकवलाय, तोही पुढे ढकलत.

आता शब्द. चाली तयार होत्या, फ्रेंचमध्ये. त्यावर इंग्रजी शब्द बसवायचे. आपल्या लोकांना हे काम परकं नाही, किर्लोस्करांच्या काळापासून कानडी चालींवर मराठी पदं बसवली गेलीच आहेत. पण ज्यानं केलंय त्याला त्यातली पंचाईत माहीत आहे. फ्रेंचमध्ये जोर साधारणपणे वाक्खंडाच्या शेवटी येतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेला. सरळ भाषांतर केलं की जोर भलत्याच अक्षरावर पडतो आणि गायक अडखळल्यासारखा वाटतो. आधी जेम्स फेंटन या कवीला घेतलं. तो बोर्निओच्या जंगलात जाताना कादंबरी बरोबर घेऊन गेला आणि वाचून झालेली पानं फाडून टाकत गेला, अशी गोष्ट सांगतात. नाटकाच्या रचनेत त्याचा हात आहे, पण गीतं पुढे सरकेनात. मग १९८५च्या सुरुवातीला, प्रयोगाला काही महिने उरले असताना, हर्बर्ट क्रेट्झमर आला. पेशानं पत्रकार, वर्तमानपत्रात टीव्हीचं परीक्षण लिहिणारा, पण शार्ल आझनावूर या फ्रेंच गायकासाठी इंग्रजी गाणी लिहिलेला. म्हणजे फ्रेंच सुरांत इंग्रजी कशी बसवायची ते हाताला माहीत. त्यानं भाषांतर असं केलंच नाही. काही फ्रेंचचा अर्थ घेऊन, काही निव्वळ प्रसंग घेऊन, आणि काही सर्वस्वी नवं लिहिलं. जावेरचं 'स्टार्स' आणि वालजाँचं 'ब्रिंग हिम होम' ही पॅरिसमध्ये नव्हतीच. 'ब्रिंग हिम होम' तर तालमी चालू असताना लिहिलं गेलं. सूर होता, शब्द सुचत नव्हते. केअर्डला ती चाल प्रार्थनेसारखी वाटली आणि गाडी मार्गी लागली. ते गाणं लंडनचा पहिला वालजाँ कोल्म विल्किन्सन याच्या वरच्या, हलक्या आवाजासाठी बेतलेलं आहे. नंतर आलेल्या कित्येक वालजाँना तिथे घाम फुटतो.

८ ऑक्टोबर १९८५, बार्बिकन थिएटर. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. ह्यूगोसारख्या लेखकाची मेलोड्रामा करून वाट लावली, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शेक्सपिअर कंपनीनं असला व्यापारी तमाशा करावाच का, असा एकूण सूर. बार्बिकनची मुदत थोड्या आठवड्यांची होती. पुढे पॅलेस थिएटरला न्यायचं की गाशा गुंडाळायचा हे मॅकिंटॉशला लगेच ठरवायचं होतं. त्यानं बुकिंगला फोन लावला तर फोन लागेना. लागला तेव्हा कळलं की तिकिटं सपाट्यानं चाललीत. आपल्याकडे नाटक तोंडी प्रसिद्धीवर चालतं म्हणतो ना, तसंच, फक्त एका दिवसात. ४ डिसेंबरला नाटक पॅलेसला गेलं. शेक्सपिअर कंपनीला त्याच्या हक्कापोटी पुढे वर्षानुवर्षं पैसा मिळत राहिला. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्या आवडीची किती गंभीर नाटकं त्यावर उभी राहिली असतील!

नेपथ्य जॉन नेपियरचं, प्रकाशयोजना डेव्हिड हर्सीची. मी १९९०च्या दशकात पॅलेसला सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या खुर्चीवरून पाहिलं, आणि वरून पाहिलं हे बरं झालं. जमीन हेच तिथलं मुख्य नेपथ्य होतं: फिरता रंगमंच. माणसं चालतात, वर्षं जातात, गाव बदलतं. दोन बाजूंनी भंगाराचे दोन डोंगर येऊन एकमेकांत अडकतात आणि बॅरिकेड होतं. गाव्रोश काडतुसं गोळा करायला पलीकडे उतरतो तेव्हा अख्खं बॅरिकेड फिरतं आणि आपण शत्रूच्या बाजूला जातो. जावेर उडी मारतो तेव्हा तो पडत नाही, पूल वर जातो! आमच्या मंडळींना मी हे अजून सांगतो: पडण्यासाठी खड्डा लागत नाही.

(हे बॅरिकेड १७८९च्या राज्यक्रांतीचं नव्हे. जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेत उसळलेला आणि दोन दिवसांत चिरडलेला जून १८३२चा उठाव आहे तो. ही चूक जाणकारही करतात.)

न्यूयॉर्कला, ब्रॉडवेवर, नाटक १२ मार्च १९८७ला उघडलं. तिथे जाताना कात्री पुन्हा चालली: कोझेतचं एक गाणं गेलं, गाव्रोशचं छाटलं, 'स्टार्स' जागचं हलवून पुढे नेलं. त्या वर्षी आठ टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले. १८ मे २००३ला पहिला मुक्काम हलला तेव्हा ६,६८० प्रयोग झाले होते. पुढे २००६ आणि २०१४ साली ते परत आलं. लंडनमध्ये २००४ साली पॅलेसहून क्वीन्स थिएटरला गेलं. २००९च्या अखेरीस पंचविशीनिमित्त निघालेल्या दौऱ्यापासून नवी मांडणी आली, फिरता रंगमंच काढून आणि मागे ह्यूगोनं स्वतः काढलेल्या चित्रांवरून बेतलेली दृश्यं टाकून. २०१९च्या जुलैत लंडनची जुनी मांडणीही बंद झाली, थिएटरची डागडुजी झाली, नाव सोंडहाइम झालं आणि जानेवारी २०२०मध्ये नवी मांडणी तिथे उघडली. तुम्ही पाहिलंत ते हेच असणार. वेस्ट एंडचं, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातलं, सर्वांत दीर्घकाळ चाललेलं संगीतक म्हणतात त्यात हे दोन्ही अवतार एकत्र मोजलेले आहेत. पन्नासहून अधिक देश, वीसहून अधिक भाषा. मला विचाराल तर नवी मांडणी चटपटीत आहे, पण फिरणारी जमीन गेल्यावर काळ वाहताना दिसत नाही, तो फक्त फलकावर वाचायला मिळतो.

२०१२च्या चित्रपटाबद्दल एकच. त्यात फाँतीनचं 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' जागचं हलवलंय. रंगमंचावर ती नोकरी गेल्या गेल्या ते गाते, म्हणजे पुढची घसरण अजून व्हायची असते. चित्रपटात केस विकून, शरीर विकून झाल्यावर गाते. चाल तीच, पण रंगमंचावर ती भीती आहे आणि पडद्यावर शोक. तुमच्या नाटकात एखादं पद बसत नसेल तर ते बदलण्याआधी चार पानं मागेपुढे सरकवून बघा.

फ्रान्सचं राहिलं. १९९१ साली पॅरिसच्या मोगादोर थिएटरात हे नाटक परत गेलं, इंग्रजी रूपावरून पुन्हा फ्रेंच करून. बुब्लीलनं स्वतःच्याच नाटकाचं भाषांतर स्वतःच्या भाषेत केलं, बिशपच्या पूर्वरंगासकट. ते फार चाललं नाही. २०२४च्या अखेरीस शातले थिएटरात नव्या फ्रेंच रूपात ते आलं, आणि पूर्वरंग तिथेही होताच. १९८० साली जे सांगायची गरज नव्हती ते आता पॅरिसलाही सांगतात.

तुमच्या नाटकापुरतं: कादंबरी न वाचलेली दोन माणसं शोधा. आपल्या आईवडिलांच्या पिढीत 'ले मिझेराब्ल' साने गुरुजींच्या 'दुःखी'मधून माहीत असलेले लोक होते. तुमच्या ग्रुपमध्ये किती निघतील ते विचारून बघा, अंदाज येईल. त्या दोघांना गोष्ट तोंडी सांगा, पंधरा मिनिटांत, मोबाइलवर रेकॉर्ड करत. ते जिथे "थांब, हा कोण?" म्हणतील तिथे पूर्वरंग लागतो. जिथे तुम्हीच "हे सोड, पुढे ऐक" म्हणाल तिथली प्रकरणं गेली. चाली त्यानंतर बांधायला घ्या. आणि लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी पहिल्या तालमीच्या आधी घ्या. ह्यूगोच्या बाबतीत तो प्रश्न कधीच संपला होता, तुमच्या बाबतीत संपलेला नसणार.